घरची आयपीए बिअर गोडसर, चहाच्या रंगाची आणि तीन आठवड्यांत वास उडालेली: १९ लिटरच्या रेसिपीची चिरफाड हवी आहे

फेसाळ

नमस्कार मंडळी. मुक्काम सॅन मटेओ, कॅलिफोर्निया. सामान असं: ४० लिटरचं स्टीलचं पातेलं, मॅश (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवणं) कापडी पिशवीत, प्लास्टिकचा झाकणवाला फर्मेंटर (आंबवायचं भांडं), तांब्याच्या नळीचा चिलर. केग (दाबाचं पिंप) नाही, बाटल्याच भरतो.

करायची होती वेस्ट कोस्ट आयपीए: फिकट, कोरडी, पपनसाच्या सालीचा आणि चिडाच्या राळेचा वास असलेली. रेसिपी अशी होती (उकळून झाल्यावर २१ लिटर, फर्मेंटरमध्ये १९, बाटल्यांत १७):

टू-रो पेल माल्ट ४.५ किलो
क्रिस्टल ६० – ५०० ग्रॅम
क्रिस्टल १२० – २५० ग्रॅम
कॅरापिल्स – ३०० ग्रॅम
मॅश ६९ अंशांवर एक तास

हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), पुढे उकळायची वेळ:
मॅग्नम ३० ग्रॅम, ६० मिनिटं
कॅस्केड ३० ग्रॅम, ३० मिनिटं
सेंटेनिअल ३० ग्रॅम, १५ मिनिटं
सिट्रा २० ग्रॅम, ५ मिनिटं
अमारिलो ३० ग्रॅम, गॅस बंद केल्यावर
मोझॅक ६० ग्रॅम, ड्राय हॉप (न उकळता थेट फर्मेंटरमध्ये), २१ अंशांवर ७ दिवस

यीस्ट यूएस-०५, एक पाकीट. बाटलीत भरताना एकूण १५० ग्रॅम साखर.

ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५६, एफजी (आंबल्यानंतरची) १.०१८. सॉफ्टवेअर कडवटपणा ७७ आयबीयू दाखवतंय. पहिल्या आठवड्यात वास बरा होता. तिसऱ्या आठवड्यात उरला तो ओल्या पुठ्ठ्याचा आणि मधाचा. चव आधी गोड, मग घशाशी जाऊन बसणारी कडू. बाटली उघडली की फेस ओट्यावर. हॉप्स वाढवू का? की मोझॅकच बदलू?

---

तळाचा_साका

हॉप्स वाढवू नका. आधी माल्टमधून काही वगळायला शिका. तुमची खरी अडचण धान्याच्या यादीत आहे.

हिशोब बघा. एकूण धान्य ५.५५ किलो, त्यात क्रिस्टल आणि कॅरापिल्स मिळून १.०५ किलो, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. क्रिस्टल माल्ट भाजताना दाण्याच्या आतच साखर होते आणि तिचा काही भाग पुढे यीस्टला पचतच नाही. कॅरापिल्सचंही तेच, फक्त रंग येत नाही. त्यावर मॅश ६९ अंशांवर. त्या तापमानाला बीटा-अमायलेज हे एन्झाइम थोड्याच वेळात निकामी होतं, आणि तेच तर यीस्टला खाता येईल अशी माल्टोज साखर कापून देतं. मागे उरतं अल्फा-अमायलेज, ते मोठेमोठे डेक्स्ट्रिनचे तुकडे ठेवतं. म्हणजे दोन्हीकडून गोडीची सोय केलीत. १.०५६ वरून १.०१८ म्हणजे मद्यार्क फक्त ५ टक्के. नाव आयपीए, अंगकाठी इंग्लिश बिटरची आणि गोडी त्याहून जास्त.

गडद क्रिस्टलचा आणखी एक दोष: त्याची मनुका-खजुरासारखी चव लिंबूवर्गीय हॉप्सशी भांडते आणि बिअर शिळी व्हायला लागली की सगळ्यात आधी तीच पुढे येते. तुम्हाला लागलेला मध अंशतः तिथलाच.

माझा प्रस्ताव:

टू-रो पेल ४.८ किलो
म्युनिक (फिकट) ४०० ग्रॅम
डेक्स्ट्रोज २५० ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांत

बास. कार्यक्षमता (धान्यातली किती साखर पाण्यात उतरते ती) ७२ टक्के धरली तर २१ लिटरला १.०५९ येईल. डेक्स्ट्रोज पूर्ण आंबतं, त्यामुळे अंगकाठी हलकी होते. साखर घातली की बिअर 'सायडरसारखी' लागते हे जुनं भय आहे. एकूण अर्काच्या आठ टक्क्यांपर्यंत काही होत नाही. रंग तुमच्या रेसिपीचा साधारण १४ एसआरएम होता, याचा ५ च्या आसपास येईल.

मॅश ६५ अंशांवर, ६० मिनिटं, वाटलं तर ७५. पिशवीत एकदम सगळं पाणी घेत असाल तर ३० लिटर पाणी ६८ अंशांना आणा, धान्य (साधारण २० अंशांचं) टाकलं की बरोबर ६५ वर येईल. गुठळ्या फोडा, त्या आतून कोरड्या राहतात आणि मग कार्यक्षमता कुठे गेली ते कळत नाही. पातेल्याला गोधडी गुंडाळा.

एक प्रश्न: ६९ हे कशाने मोजलं? थर्मामीटर एकदा बर्फाच्या चुऱ्याच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का ते बघा, मग उकळत्या पाण्यात. स्वस्तातले डायल थर्मामीटर तीन-चार अंश सहज चुकतात. आणि एफजी हायड्रोमीटरने घेतलाय ना? रिफ्रॅक्टोमीटरने घेतला असेल तर मद्यार्कामुळे आकडा फुगतो, दुरुस्तीचं सूत्र लावावं लागतं.

---

बारा_गावचं_पाणी

सॅन मटेओ म्हणजे बहुतेक 'हेच हेची' धरणाचं पाणी. सिएरा नेवाडाच्या बर्फाचं, अतिशय हलकं, खनिजं नावापुरती. पिल्सनरला स्वर्ग. आयपीएला मात्र असं पाणी जसंच्या तसं वापरलं तर कडवटपणा गोलगोल, बोथट लागतो आणि मग माणूस हॉप्स वाढवत बसतो.

पहिलं काम क्लोरामाइन घालवायचं. तुमच्या भागात २००४ पासून पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं. क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून किंवा उकळून जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. ते माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की चिकटपट्टीसारखा, दवाखान्याचा वास येतो. उपाय अगदी सोपा: पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी. एक गोळी ७५ लिटरला पुरते. ३० लिटरला अर्ध्या गोळीची पूड करून ढवळा, पाच मिनिटांत काम होतं.

दुसरं, क्षार. ३० लिटरला (सगळ्या पाण्यात एकदम):

जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) १० ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम

यातून सल्फेट साधारण १८५ पीपीएम, क्लोराइड ५० च्या आत, कॅल्शियम १०० च्या थोडं वर. सल्फेटने शेवट कोरडा आणि कडवटपणा रेखीव होतो. क्लोराइड जास्त झालं की उलट, माल्ट गुबगुबीत लागतो. धुकट न्यू इंग्लंड आयपीएत म्हणूनच क्लोराइड जास्त ठेवतात. जिप्सम गरम पाण्यात गारेपेक्षा लवकर विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. गार पाण्यात टाका, ढवळा, मग गॅस लावा. कॅल्शियम क्लोराइडचा डबा घट्ट बंद ठेवा. ते हवेतली ओल शोषून चिकट होतं, मग वजन पाण्याचंच भरतं.

बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींचं पाणी जिप्समने भरलेलं, म्हणून तिथली पेल एल एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजांवर चढली. पण बर्टनची पूर्ण नक्कल करू नका. तिथलं सल्फेट कित्येकशे पीपीएममध्ये असतं. त्या आकड्याला आजच्या हॉप्सच्या मात्रेत बिअर खडूसारखी तुरट होते.

तिसरं, पीएच. इतकं फिकट धान्य आणि हलकं पाणी असलं तर मॅश ५.४५-५.५ वर थांबेल. हवा ५.२५-५.३५. ८८ टक्क्यांचं लॅक्टिक अॅसिड २ मिलि घाला, दहा मिनिटांनी चमचाभर वर्ट (मॅशमधलं गोड पाणी) बशीत गार करून मोजा. गरम वर्टमध्ये इलेक्ट्रोड बुडवाल तर तो लवकर मरतो आणि आकडाही वेगळा येतो. पीएच फार वर राहिला की टरफलांतून टॅनिन सुटतं आणि हॉप्सचा कडवटपणा खरखरीत होतो. तुमचं 'घशाशी बसणं' थोडं इथलंही असू शकेल, सगळं मॅग्नमच्या माथी मारू नका.

---

कडूलिंब

आता हॉप्स.

सहा जाती, सहा वेळा. कागदावर भारदस्त दिसतं, पेल्यात चिखल होतो. कुठल्या हॉपने काय केलं हे पुढच्या खेपेला कळणार कसं?

वेळापत्रकात मधला सगळा भाग फुकट गेलाय. ३० आणि १५ मिनिटांच्या हॉप्सची तेलं वाफेबरोबर उडून जातात (मायर्सीन तर सगळ्यात आधी), आणि कडवटपणा मात्र पूर्ण सुटलेला नसतो. म्हणजे पैसेही गेले आणि वासही गेला. तुमच्या ७७ पैकी तिसाहून जास्त आयबीयू या दोन घालण्यांतून आलेत. वर अमारिलो: सॉफ्टवेअरने त्याचे शून्य धरले, पण गॅस बंद केल्यावर पातेलं पंधरा-वीस मिनिटं ९५ अंशांवर राहिलं तर तिथेही हॉप्समधली अल्फा आम्लं आयसोमेराइझ होतच राहतात, म्हणजे कडवटपणा सुटतच राहतो. आणखी दहाएक आयबीयू सहज.

मी असं करेन:

मॅग्नम (१३ टक्के अल्फा) १८ ग्रॅम, ६० मिनिटं – सुमारे २५ आयबीयू
सेंटेनिअल (१० टक्के) २५ ग्रॅम, १० मिनिटं – सुमारे १० आयबीयू
सिमको ४० + सिट्रा ४० ग्रॅम, व्हर्लपूल, ८० अंशांवर २० मिनिटं – १५ ते १८ आयबीयू
ड्राय हॉप: सिमको ५० + सिट्रा ५० ग्रॅम

बेरीज ५०-५३. ७७ वरून इतकं खाली आलो म्हणून घाबरू नका. एफजी १.०११ असेल आणि पाण्यात सल्फेट असेल तर ५० हे तुमच्या ७७ पेक्षा स्वच्छ आणि धारदार लागेल. पाकिटावर अल्फाचा आकडा छापलेला असतो, तो दर हंगामाला बदलतो. मॅग्नम ११ टक्क्यांचं निघालं तर १८ ऐवजी २१ ग्रॅम घ्या, आंधळेपणाने ग्रॅम उतरवू नका.

व्हर्लपूल ८० ला का? गॅस बंद करा, चिलर चालू करा, तापमान ८० वर आलं की चिलर बंद. मग हॉप्स टाका, पळीने गोल ढवळून भोवरा करा, झाकण ठेवा. ९५ वर कडवटपणा सुटत राहतो आणि तेलं उडतात. ७० च्या खाली तेलं नीट उतरत नाहीत. ८० ही तडजोड आहे, पण कामाची. झाकणाच्या आतून ठिबकणारं पाणी परत पातेल्यातच पडू द्या, वास त्यातही आहे.

जातींबद्दल: सिट्रा म्हणजे लिंबाची साल, पॅशन फ्रूट, थोडी लिची. सिमको म्हणजे चीड, राळ, आणि कधीकधी मांजराने कोपऱ्यात कार्यक्रम उरकल्यासारखा वास (हसू नका, त्यातल्या एका गंधकयुक्त रेणूचा तो खरा वास आहे, मात्रा कमी असली की तोच ब्लॅककरंटच्या झुडपासारखा लागतो). दोन्ही एकमेकांना आवर घालतात. मोझॅक वाईट नाही, पेरू-आंबा देतं, पण उशिरा तोडलेल्या मालात कांदा-लसूण येतो. पाकीट फोडलं की हॉप्सच्या दोन गोळ्या तळहातावर चुरा, दोन्ही हात घासा आणि हुंगा. कांदा आला तर ते पाकीट बाजूला. चीज किंवा पायमोज्यांचा वास आला तर माल जुना, कचऱ्यात.

कॅस्केड जुनं म्हणून वगळायचं असं नाही बरं. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूइंगने लिबर्टी एल काढली ती कॅस्केडवरच, आणि आजची अमेरिकी आयपीए तिथूनच निघाली. पण तो हॉप एकट्याने वाजवायचा, या गर्दीत त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

---

जुनी_कढई

साका, तुमच्याशी ऐंशी टक्के सहमत. पण क्रिस्टल पूर्ण काढून टाकायचं हे आता फॅशन झालंय. म्युनिकच्या जागी क्रिस्टल २० फक्त १०० ग्रॅम, म्हणजे दोन टक्के, घातलं तर मधला घोट रिकामा वाटत नाही. तुमच्या रेसिपीत डेक्स्ट्रोजही आहे, ६५ चा मॅशही आहे. काहींना ती बिअर पाण्यासारखी लागेल.

---

तळाचा_साका

मान्य, दोन टक्के फिकट क्रिस्टलने काही बिघडत नाही. माझा विरोध ६० आणि १२० ला आहे. पण फेसाळ यांनी या खेपेला तेही घालू नये असं मला वाटतं. आधी एकदा पूर्ण कोरडी करून चव बघा, मग पुढच्या वेळी १०० ग्रॅम घालून फरक कळेल. दोन्ही एकदम बदललं तर पुन्हा अंदाजपंचे.

---

फेसाळ

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळे उघडले. एफजी हायड्रोमीटरनेच घेतला होता, २० अंशांवर. थर्मामीटर मात्र बर्फाच्या पाण्यात २ दाखवतोय! म्हणजे मॅश ६७ ला असणार.

आता शंका:

१. उकळीआधी मध्येच काही मोजून कळेल का की गाडी रुळावर आहे?
२. ड्राय हॉप करताना झाकण उघडावं लागतं. तिथेच हवा शिरली असेल का?
३. फेस ओट्यावर का येतो? साखर ऑनलाइन तक्त्यावरून घेतली होती.

---

तळाचा_साका

थर्मामीटर बर्फात २ जास्त दाखवतो म्हणून मॅशमध्येही २ असं धरू नका. वरच्या टोकाला चूक वेगळी असू शकते. उकळत्या पाण्यात बघा, मगच ठरवा. तरी ६७ ला सुद्धा त्या धान्याचं १.०१६ च्या खाली काही गेलं नसतं.

पहिल्या शंकेचं उत्तर: हो, उकळीआधीचं मोजमाप हीच खरी तपासणी. ३० लिटर पाण्यातलं साधारण ५ लिटर धान्य पिऊन टाकतं. पिशवी उचलून निथळली की पातेल्यात २५ लिटर आणि घनता १.०४६ दिसायला हवी (डेक्स्ट्रोज अजून घातलेलं नाही हे लक्षात ठेवा). तासाभरात ४ लिटर वाफ होऊन २१ राहतील. स्टीलच्या पट्टीवर एकदा लिटरांच्या खुणा करून घ्या, डोळ्यांचा अंदाज दोन लिटरने चुकतो आणि दोन लिटर म्हणजे घनतेचे चार-पाच अंश (०.००१ म्हणजे एक अंश).

१.०४१ वगैरे दिसलं तर? बहुतेक वेळा दळण जाड असतं. पिशवीच्या मॅशला दळण बारीक चालतं, पिशवीच गाळणी असल्याने अडकायचं भय नाही. दुकानात दळून घेत असाल तर दोनदा दळायला सांगा. त्या दिवसापुरता इलाज म्हणजे कोरडा माल्ट अर्क: २५ लिटरला ५ अंश वाढवायला साधारण ३५० ग्रॅम लागेल. जास्त वेळ उकळूनही घनता वाढते, पण मग माल कमी मिळतो आणि रंग चढतो.

डेक्स्ट्रोज घालताना गॅस बारीक करून ढवळा. तळाशी बसून करपलं की बिअरभर जळकी कॅरॅमल.

पिचिंग (यीस्ट टाकणं) १८ अंशांवर. एवढ्या घनतेच्या १९ लिटरला ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोर ओसरायला लागला की २१ पर्यंत चढू द्या. सुरुवातीलाच २३-२४ ला सोडलीत तर फळांचा एस्टर आणि उग्र मद्यार्क, आणि सिट्राचा वास त्यात बुडतो.

---

कडूलिंब

दुसरी शंका म्हणजे तुमच्या पुठ्ठ्याचं मूळ. सात दिवस २१ अंशांवर, अर्धा फर्मेंटर रिकामा, यीस्ट झोपलेलं आणि झाकण उघडून वरून गोळ्या ओतल्या. गोळ्यांबरोबर हवा जाते आणि तिला खाणारं कुणी उरलेलं नसतं. हॉप्सची तेलं आणि पॉलिफिनॉल ऑक्सिजनला फार हळवी असतात. रंग काळवंडतो, वास आधी बोथट, मग मध, मग पुठ्ठा. हॉप्स दुप्पट केले असते तरी तिसऱ्या आठवड्यात हेच झालं असतं.

केगवाले लोक आधी १४-१५ अंशांपर्यंत गार करून यीस्ट बसवतात, मग कार्बन डायऑक्साइडच्या झोताखाली ड्राय हॉप करतात. पद्धत उत्तम, वास स्वच्छ येतो. पण तुमच्याकडे सिलिंडर नाही. बाटलीवाल्याने ती आंधळेपणाने उचलू नये.

तुमच्यासाठी: घनता १.०१५ च्या आसपास आली, बुडबुडे अजून येतायत, त्या वेळी ड्राय हॉप करा. साधारण चौथा-पाचवा दिवस. यीस्ट जागं असतं, शिरलेला थोडा ऑक्सिजन खाऊन टाकतं. झाकण पूर्ण काढू नका, एक बाजू उचला, गोळ्या ओता, बंद. दहा सेकंदांचं काम आहे, आत डोकावून वास घेत बसू नका. जाळीच्या पिशवीत गोळ्या बांधल्या तर त्या फुगून मध्यभागी कोरड्या राहतात. मोकळ्या टाका, नंतर गार केल्यावर तळाला बसतात. १९-२० अंशांवर तीन दिवस पुरे. तेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच उतरतात, पुढे उतरतो तो गवताचा आणि पानांचा तुरटपणा.

आता यातली मेख: हॉप क्रीप. हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइमं असतात. यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनं ती हळूहळू कापतात, नवी साखर तयार होते आणि आंबणं पुन्हा सुरू होतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, ब्रूअर मंडळी विसरली आणि अलीकडे ड्राय हॉपच्या मात्रा वाढल्यावर पुन्हा ठेच लागली. याचे दोन परिणाम. एक, एफजी ड्राय हॉपनंतर दोन-तीन अंश घसरू शकतो. दुसरा, त्या नव्या आंबण्यात डायअॅसिटिल तयार होतं, म्हणजे सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास. अशा वेळी लगेच गार केलीत तर यीस्ट ते शोषून न घेताच झोपतं आणि लोणी बाटलीत कायमचं.

तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या दोन छोट्या बरण्यांत अर्धा अर्धा कप बिअर घ्या, झाकण लावा. एक ओट्यावर ठेवा, दुसरी ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. मग दुसरी नळाखाली गार करून दोन्ही एकाच तापमानाला आणा. आधी न तापवलेली हुंगा, मग तापवलेली. डायअॅसिटिल बनण्याआधीचा जो पदार्थ अजून दडून बसलेला असतो त्याचं गरम केल्याने डायअॅसिटिल होतं. तापवलेल्या बरणीत लोणी आलं आणि दुसरीत नाही, तर अजून दोन-तीन दिवस २१ अंशांवर राहू द्या आणि पुन्हा तपासा. दोन्ही स्वच्छ आणि तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली घनता तीच असली, की मग फ्रिजमध्ये.

फ्रिजमध्ये टाकताना एअरलॉक (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) काढा. गार होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा (आणि पाणीही) आत ओढली जाते. आंबण्याच्या जोरात असताना निघणारा वायू एका स्वच्छ फुग्यात भरून ठेवा, गार करताना तोच नळीला जोडा. दिसतं ओंगळ, पण काम करतं.

---

बारा_गावचं_पाणी

तिसरी शंका. १७ लिटरला १५० ग्रॅम साखर म्हणजे ३.१ व्हॉल्यूम (बिअरच्या ३.१ पट आकारमानाचा) कार्बन डायऑक्साइड. ते गव्हाच्या जर्मन बिअरला शोभेल. तक्ता बहुतेक पाच गॅलनचा होता किंवा दुसऱ्या शैलीचा. आयपीएला २.३ ते २.४ हवं: १७ लिटरला साधी साखर ९५ ते १०० ग्रॅम. तक्त्यात तापमान विचारतात तिथे फ्रिजचं घालू नका. आंबणं संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला होती ते (तुमच्या बाबतीत २१) घाला. फ्रिजचा ४ घातलात तर तक्ता समजतो की बिअरमध्ये आधीच भरपूर वायू विरघळलेला आहे आणि साखर कमी सांगतो.

आणि हॉप क्रीप इथेही आलंच. बाटलीत एफजी एक अंशाने जरी खाली गेला तरी अर्धा व्हॉल्यूम वायू वाढतो. दोन अंश गेले तर एक पूर्ण व्हॉल्यूम. तुमचा फेस साखरेचाही आणि याचाही. म्हणून कडूलिंब म्हणतात ती तीन दिवसांची तपासणी वगळू नका, बाटल्या फुटतात आणि काच लांब उडते.

भरताना: साखर अर्ध्या कप पाण्यात उकळून गार करा, भरायच्या बादलीच्या तळाशी ओता, बिअर नळीने तळापासून चढू द्या, वरून पाडू नका. त्याच वेळी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ०.३ ग्रॅम (मिलिग्रॅमचा काटा लागेल) विरघळवून घाला. एवढ्याने यीस्ट अडत नाही, वायू धरतोच, पण ऑक्सिजनला थोडा लगाम बसतो. दम्याचा किंवा सल्फाइटचा त्रास असणारा पाहुणा असेल तर त्याला सांगा. बाटली तोंडापासून एक-दीड सेंटिमीटरपर्यंत भरा, तीन नाही. फेस वर आला की त्यावरच बूच.

---

ओल्या_मातीचा

मी पुण्याहून. हे सगळं वाचून हात शिवशिवतायत. इथे माल्ट आणि हॉप्स ऑनलाइन मिळतात. घरी पाच लिटर करून बघायला हरकत आहे का?

---

जुनी_कढई

हरकत आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, पाच लिटर असो की पन्नास. अमेरिकेत फेसाळ बिनधास्त करतायत कारण तिथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती मुभा दिली: दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. तुम्ही माल्ट भिजवून मॅशचे प्रयोग करा, ६५ आणि ७० च्या वर्टची चव ताडून बघा. यीस्ट मात्र टाकू नका.

---

फेसाळ

थर्मामीटर उकळत्या पाण्यात १०३ दाखवतो. कचऱ्यात टाकला, नवा मागवलाय.

शेवटचं एक. सिमको माझ्याकडे नाही, दुकानातही संपलंय. चिनूक मिळतंय, १३ टक्के अल्फा. चालेल? आणि मोझॅकचं फोडलेलं अर्धं पाकीट पडून आहे, ते व्हर्लपूलला लावू का?

---

कडूलिंब

चिनूक चालेल. चीड आणि राळ आहेच, वर थोडा मिऱ्याचा मसालेदार झटका. ग्रॅमला ग्रॅम बदलू नका मात्र, ते सिमकोपेक्षा दांडगं आहे. व्हर्लपूलला चिनूक २५ + सिट्रा ५५, ड्राय हॉपला चिनूक ३० + सिट्रा ७०. मॅग्नमऐवजी ६० मिनिटांनाही चिनूकच लावायचा मोह होईल. तिथे मॅग्नमच ठेवा, साठ मिनिटं उकळलेलं चिनूक जरा ओरखडतं.

मोझॅक पाकीट फोडून किती दिवस झाले आणि ठेवलं कुठे होतं? फ्रीजरमध्ये, हवा काढून असेल तर वापरा. नुसती चिमटा लावलेली पिशवी फ्रिजच्या दारात असेल तर तळहाताची परीक्षा घ्या.

---

फेसाळ

चिमटा. फ्रिजच्या दारात. दोन महिने.

घासून बघितलं. पायमोजे.